अस्तंभा चढणाऱ्यांनी किलिमांजारो कसा चढावा

तळोदा-शहादा भागातल्या चौघा मित्रांनी विचारलं आहे : "दरवर्षी दिवाळीत आम्ही सातपुड्यातल्या अस्तंभ्याला रात्रीतून चढतो. तोरणमाळ पायी केलं, कळसूबाई केलं. येत्या फेब्रुवारीत आफ्रिकेत, टांझानियातल्या किलिमांजारोला जायचं ठरवलंय. एजन्सीने मारांगू मार्गाचा पाच दिवसांचा कार्यक्रम दिलाय. वाटेत जंगल, झुडपं, वाळवंट, बर्फ असे पट्टे लागतात म्हणे. त्याची तयारी कशी करायची? सातपुड्यातला सराव पुरेल का?"

सरावाचं नंतर सांगतो. आधी कार्यक्रमाचं : पाच दिवसांचा घेऊ नका.

मी यावलकडचा, घरची केळी. पंचवीस वर्षं झाली, सातपुड्यात आणि हिमालयात पोरापोरींना घेऊन जातो. किलिमांजारोला तीनदा गेलो. पहिल्यांदा याच मार्गाने, असाच पाच दिवसांचा कार्यक्रम घेऊन गेलो आणि ५१५० मीटरवरच्या हान्स मायर गुहेपासून परत फिरलो. पाय मजबूत होते, दम होता, तरी फिरलो. कारण समजून घ्या, कारण तुमच्या हातातला कार्यक्रम नेमका तोच आहे.

मारांगूवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, झोपायला पलंग आहेत, वाट चांगली आहे. त्यामुळे हा सोपा मार्ग असं सगळे म्हणतात. आता मुक्कामांची उंची बघा. पहिली रात्र मंदारा, २७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३७२०. तिसरी किबो, ४७२०. आणि त्याच मध्यरात्री उठून ५८९५ मीटरचं उहुरू शिखर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. इथे ती लागोपाठ दोन रात्री हजार-हजार मीटरने वाढते. होरोंबोला माझं डोकं दुखायला लागलं, ते मी उन्हावर ढकललं आणि कुणाला बोललो नाही. किबोला ताटातलं गिळवेना. गुहेपाशी तिथल्या वाटाड्याने मला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला. त्याने पुढे काही न बोलता माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला खाली वळवलं. मेंदूला सूज येऊ लागली की आधी तोल जातो, हे त्याला ठाऊक होतं. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

हवेत प्राणवायूचं प्रमाण जळगावात जेवढं, तेवढंच शिखरावरही असतं, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. शिखरावर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात निम्मीच हवा आत जाते. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. रोज पळणाऱ्यालाही तेवढेच लागतात आणि न पळणाऱ्यालाही.

म्हणून आठ दिवसांचा लेमोशो मार्ग घ्या. नाहीच जमलं तर सात दिवसांचा माचामे. दोन्ही मार्गांवर एक दिवस असा येतो की तुम्ही लाव्हा टॉवर नावाच्या ४६०० मीटरवरच्या कातळापर्यंत चढता आणि संध्याकाळी बारांकोच्या तळावर, चार हजाराच्या थोडं खाली, झोपायला उतरता. दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं. शरीराला उंचीची ओळख करून देण्याची याहून चांगली रीत नाही. पैसे जास्त लागतील. पैसे कमी असतील तर एक वर्ष थांबा, पण दिवस कापू नका.

आता पट्ट्यांचं. तुम्ही विचारलं ते बरं केलं, कारण बहुतेक लोक ते फोटोपुरतं बघतात. मी माझ्या गटाला सांगतो की घड्याळातली उंची बघू नका, बाजूचं झाड बघा. तेवढ्यावरून आज कोणता कपडा वर ठेवायचा, किती पाणी प्यायचं, कशाची भीती धरायची, हे कळतं.

सातपुड्यात झाडं बदलतात ती मुख्यतः पाण्यामुळे आणि मातीमुळे. ओढ्याकाठी जांभूळ-करंज, उतारावर साग-धावडा, उघड्या खडकावर सलई, कोरड्या मुरमाड जमिनीवर अंजन. उंचीचा वाटा त्यात कमी, कारण अस्तंभा सगळा मिळून १३२५ मीटर. शंभर मीटर चढलं की हवा साधारण अर्धा ते पाऊण अंशाने थंड होते, म्हणजे तळोद्याच्या सपाटीपेक्षा अस्तंभ्याच्या माथ्यावर सहा-सात अंशांचाच फरक. किलिमांजारोच्या पायथ्याचं मोशी शहर नऊशे मीटरच्या आसपास. तिथून शिखरापर्यंत पाच हजार मीटर, म्हणजे तीस अंशांचा फरक. डोंगर विषुववृत्तापासून फक्त तीन अंश दक्षिणेला आहे. तिथे उन्हाळा-हिवाळा असा ऋतूंचा फरक फारसा नाही, त्यामुळे कुठलं झाड कुठे उगवणार हे थंडी आणि पाऊस मिळून उंचीप्रमाणे ठरवतात. आपल्याकडे वर्षभरात जेवढा फरक पडतो, तेवढा तिथे एका दिवसाच्या चालण्यात आणि एका रात्रीत पडतो. १८०२ साली हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझोवर शिखराच्या बऱ्याच जवळ चढला, तेव्हा त्याने उंचीप्रमाणे वनस्पतींची नोंद करून डोंगराचं चित्रच काढलं होतं. तीच गोष्ट तुम्ही पायांनी वाचणार आहात.

सगळ्यात खाली, साधारण १८०० मीटरपर्यंत, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. केळी आणि कॉफी. चागा लोकांच्या घराभोवतीच्या बागा आहेत त्या : वर सावलीची झाडं, मध्ये केळी, खाली कॉफी, गोठ्यात बांधलेलं जनावर आणि त्याचं शेणखत केळीच्या बुंध्याशी. आपल्यासारखी ओळीने लावलेली एकाच जातीची बाग नाही. भाजीची केळी वेगळी, पिकवून खायची वेगळी, दारूची वेगळी. मला सगळ्यात भावले ते त्यांचे पाट. डोंगरावरच्या जंगलातल्या ओढ्याचं पाणी उताराच्या कलाने खोदलेल्या चाऱ्यांतून गावात आणतात. कुणाची पाळी कधी, चारी कोणी साफ करायची, हे गाव मिळून ठरवतं. पांझराकाठची फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी गावाने पाळीने वाटून घेणं, ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला त्याची चारी दाखवली तेव्हा भाषा येत नसूनही आम्ही अर्धा तास पाण्याबद्दल बोललो.

केळी संपली की जंगल. १८०० ते २८०० मीटर. अख्ख्या डोंगरावर सगळ्यात जास्त पाऊस या पट्ट्यात पडतो, दक्षिणेच्या उतारावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. ढग इथेच अडतात. कापराच्या जातीची प्रचंड झाडं, फांद्यांवर शेवाळाच्या गाद्या, आणि थोडं वर गेलं की फांद्यांना लोंबणारी करड्या-हिरव्या दगडफुलाची दाढी. ही दाढी दिसली की समजायचं, आपण ढगात शिरलो. रेनकोट सॅकच्या तळाशी असेल तर तो वर काढा, फेब्रुवारी असला तरी. वाटेच्या कडेला लाल-पिवळं, सोंडेसारखं वळलेलं छोटं फूल दिसेल. तो आपल्या तेरड्याचा भाऊबंद आहे आणि फक्त याच डोंगरावर उगवतो. काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतील, त्यांच्या पाठीवरची पांढरी झालर उडी मारताना उघडते. या दिवशी कुणालाच त्रास होत नाही आणि म्हणूनच सगळे जोरात चालतात. पुढच्या दुखण्याची सुरुवात इथे होते. वाटाडे 'पोले पोले' म्हणत राहतात, म्हणजे आपलं अहिराणीतलं हयूहयू. ते शब्दशः ऐका. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग.

मग कधीतरी लक्षात येतं की झाडं डोक्यापेक्षा उंच राहिलेली नाहीत. ही एरिका, बारीक सुईसारख्या पानांची. जंगलाच्या कडेला ती दहा-दहा मीटर उंच असते, वर जाता जाता माणसाएवढी होते, मग कमरेएवढी. झाड तुमच्या खांद्याला आलं की तुम्ही तीन हजाराच्या आसपास आहात. इथून रोज संध्याकाळी चौघांनी एकमेकांना विचारायचं : डोकं दुखतंय का, भूक आहे का, मळमळतंय का, झोप लागली का. लपवायचं नाही. मी लपवलं होतं.

या एरिकाच्या पट्ट्यात जळलेली काळी खोडं दिसतील. २०२० आणि २०२२ च्या ऑक्टोबरात इथे मोठ्या आगी लागल्या. त्याआधीही लागत आल्या आहेत आणि त्यामुळे जंगलाची वरची हद्द खाली सरकली आहे. एरिकाची बारीक पानं धुक्यातलं पाणी गाळून जमिनीत सोडतात. ती गेली की खालच्या चागा गावांचं पाणी घटतं. आपल्याकडे मार्चात सातपुड्याला वणवा लागतो, पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते आणि आपले झरे लवकर आटतात, ते आपण डोळ्यांनी बघतो. तिथे सिगारेट-काडीपेटीचा खेळ नको.

साधारण साडेतीन हजारानंतर जे दिसतं त्यासाठी मी पुन्हा पुन्हा गेलो. बारांकोच्या दरीत राक्षसी सेनेसिओ नावाची झाडं उभी असतात, दोन-तीन माणसांएवढी उंच. जाड खोड, टोकाला कोबीसारखा हिरवा पानांचा गड्डा, आणि खोडाभोवती वाळलेल्या पानांचा जाड कोट. लांबून एखाद्या राखलेल्या, पण पानं न छाटलेल्या जुन्या केळीसारखं वाटतं. आपण बागेतली वाळलेली पानं कापून टाकतो, या झाडाने ती जपली आहेत. पानं मरतात पण गळत नाहीत, खोडाला लपेटून राहतात, त्यामुळे खोडातलं पाणी रात्री गोठत नाही. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की आपण बांधावर धूर करतो, रात्री पाणी देतो, घडाला पिशवी घालतो, तरी केळीची निसवण, म्हणजे घड बाहेर येणं, अडतेच. या झाडाला रोज रात्री शून्याच्या खालची थंडी आणि रोज दुपारी कडक ऊन, वर्षाचे बारा महिने. तिथली पानं उपटू नका, कोटाला टेकून फोटोही काढू नका. वाढ इतकी सावकाश असते की तुटलेलं लवकर भरत नाही.

त्याच्याच आसपास लोबेलिया असतो, गुडघाभर उंच, पानं गुलाबासारखी गोल रचलेली, मध्ये वाटीभर पाणी. सकाळी साडेसहाला तंबूतून बाहेर आलो आणि एका लोबेलियापाशी उकिडवा बसलो. वाटीवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा होता. करंगळीने हलकंच दाबलं, कडा मोडली, खाली पाणी तसंच होतं, गोठलेलं नाही. वरचा पापुद्रा पांघरुणासारखा आणि मधला कोवळा कोंब खालच्या पाण्यात सुरक्षित. त्याच वेळी माझ्या सॅकच्या बाहेरच्या खिशातली बाटली वरून गोठली होती. तेव्हापासून बाटली उलटी ठेवतो, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकणाकडचं तोंड मोकळं राहतं. शिखराच्या रात्री नळीची पाण्याची पिशवी चालत नाही, नळी गोठते. बाटलीच घ्या, मोज्यात घालून.

चार हजारानंतर वाळवंट. पाऊसच कमी, शिवाय जमीन मुळं धरू देत नाही. पहाटे मातीवर बोटभर उंचीच्या बर्फाच्या सुया उभ्या असतात, बुटाखाली करकर वाजतात. मातीतलं पाणी गोठताना वर उचललं जातं आणि सोबत मातीचे कण उचलतं. उन्हं आली की सगळं खाली बसतं. रोज रात्री जमीन हलते, मग रोपाचं मूळ टिकणार कसं? आपल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडून मुळं तुटतात, तसंच. तग धरतात ती कागदी पाकळ्यांची फुलं, गवताचे ठोंब आणि पुढे फक्त दगडावरचं दगडफूल. या पट्ट्यात हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही. दिवसाला तीन लिटर पाणी ठरवून प्या. ओठांना आणि नाकाला मलम, डोळ्याला चांगला गॉगल. धुळीसाठी रुमाल आपल्याला सवयीचाच आहे. पांढऱ्या मानेचे मोठे डोमकावळे तळावर फिरत असतात, उघडी पिशवी सोडत नाहीत.

सेनेसिओ सोबतीला होता तोवर ज्यांना बरं वाटत होतं, ते आता गप्प होतात. चाल अडखळायला लागली, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला यायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली उतरायचं. औषधाने वेळ मिळतो, उतरण्याला पर्याय मिळत नाही.

शिखराच्या रात्रीची चाल तुम्हाला नवी नाही. अंधारात बॅटरीच्या उजेडात, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून सहा-सात तास चढणं, हे तुम्ही अस्तंभ्याच्या यात्रेत केलं आहे, तेही अमावस्येच्या तोंडावर. फरक उंचीचा आणि थंडीचा, उणे दहा-पंधरा अंश आणि त्यावर वारा. जमलं तर तारीख पौर्णिमेच्या आसपास घ्या. बॅटरीचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. माथ्यावर हिमनद्यांचा जुना बर्फ दिसेल, पण त्यावर पाय ठेवावा लागणार नाही. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा शिखरावर पोचले, मायरचा तो तिसरा प्रयत्न होता आणि त्यांना बर्फात पायऱ्या खोदत जावं लागलं. १९१२ नंतर त्या बर्फाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग गेला आहे. उरलेल्या हिमभिंती बाजूला उभ्या दिसतात. बघून घ्या.

आता तुमच्या सरावाच्या प्रश्नाकडे येतो. सातपुडा पायांसाठी पुरेसा आहे, उंचीसाठी नाही. दर आठवड्याला शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस चाला, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. चाळीसगावकडे कोणी असेल तर पाटणादेवीचा परिसर चांगला. खरा सराव उतरण्याचा करा. शिखरावरून परत खाली दीड दिवसात उतरायचं असतं, चार हजार मीटरहून जास्त, आणि गुडघे तिथे जातात. काठ्या घेऊन उतरायला आत्तापासून शिका. डिसेंबरात हिमालयात केदारकंठासारखा ३८०० मीटरचा एखादा ट्रेक करता आला तर करा. त्याची सवय फेब्रुवारीपर्यंत अंगात टिकणार नाही, पण चौघांपैकी कुणाचं डोकं लवकर दुखतं हे कळेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ज्याला आजार नाही, तो फक्त वाहक आहे, त्यालाही एरवी काही जाणवत नसताना जास्त उंचीवर प्लीहेला गंभीर इजा होऊ शकते. चौघांनीही जाण्याआधी रक्त तपासून घ्या आणि कोणी वाहक निघाला तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका. उंचीसाठीच्या अ‍ॅसिटाझोलामाइड गोळीबद्दलही डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, तेव्हा त्याची चौकशी महिनाभर आधी करा. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंत चालतो का आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च देतो का, एवढं वाचा.

सामान कॅरीबॅगमध्ये गुंडाळू नका. टांझानियात २०१९ च्या जूनपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कापडी पिशव्या शिवून घ्या. हमालाकडे द्यायची बॅग पंधरा किलोच्या आत ठेवा. एजन्सीला विचारा की हमालांना किती मजुरी, दिवसाला किती वेळा जेवण आणि झोपायला कसला तंबू देता. या हमालांसाठी काम करणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, तिच्याशी जोडलेली एजन्सी मिळाली तर तीच घ्या. शाकाहारी असाल तर आधी कळवा, भाजी-भात-सूप मिळतं. शेंगदाण्याची चटणी आणि लसणाची चटणी बरोबर असू द्या. वर भूक मरते तेव्हा तोंडाला चव असलेलं चार घास जातात, त्याचा मला खूप उपयोग झाला.

एजन्सीला आजच लिहा : मारांगू नको, लेमोशो, आठ दिवस. नवा कार्यक्रम आला की रोजच्या मुक्कामांची उंची एका ओळीत लिहून मला पाठवा, मी बघून देतो.